समुद्र दारात, आणि गावाला जायला बोट नाही

हल्ली ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो. "विमानाच्या भानगडीत कशाला पडताय? आपल्या मुंबईतूनच क्रूझ सुटते की! लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर, आणि मग मस्त खात-पीत गोवा." सांगणाऱ्याचं काय जातं? तो एकदा ऑफिसच्या पार्टीसाठी जाऊन आलेला असतो, कंपनीच्या पैशाने. त्याला गोव्यात उतरून कुठे जायचंच नव्हतं. मला जायचं होतं. मालवणजवळच्या आमच्या गावी, म्हाताऱ्या बाबांना घेऊन, सामानसुमानासकट. माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ना, ते. एवढी साधी गरज या क्रूझवाल्यांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला.

बुकिंगच्या वेळी फोनवर स्पष्ट विचारलं होतं. आम्ही गोव्यात बॅगा घेऊन उतरणार, परत येणार नाही, चालेल ना? "चालेल सर, नो इश्यू सर." पैसे मात्र जाऊन-येऊनचे, कारण एका बाजूचं तिकीटच नाही. तेही गिळलं. म्हटलं, बाबांचे कान विमानात दुखतात, ट्रेनची वेटिंग लिस्ट बुकिंग उघडल्यावर चहा गार व्हायच्या आत लागते, आणि रस्त्याबद्दल तर बोलायलाच नको. जाऊ दे चार पैसे. पण जाहिरातीतला आकडा आणि कार्डावरून शेवटी कापला गेलेला आकडा एकमेकांना ओळखत नव्हते. पोर्ट चार्जेस वेगळे, जीएसटी वेगळा आणि वर ग्रॅच्युइटी. म्हणजे बक्षीस. कोणी ग्लासभर पाणी आणून द्यायच्या आधीच सक्तीने वसूल केलेलं बक्षीस! आमच्या गावातल्या हॉटेलात पोऱ्याला दहा रुपये द्यायचे की नाही हे तरी माझ्या हातात असतं.

बरं, विमानतळावरचा त्रास वाचतो म्हणतात. कसला वाचतो? बोट सुटणार संध्याकाळी, आम्हाला बोलावलं दुपारी. तीच रांग, तेच एक्स-रे मशीन, तोच पट्टा काढा, खिसे रिकामे करा. त्यात बायकोने गावच्या घरासाठी लालबागहून नवीकोरी आडाळी, म्हणजे आमची विळी, घेतली होती, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, सुतळीने बांधून. विमानाच्या चेक-इन बॅगेत ही बिनबोभाट गेली असती. इथे? "मॅडम, शार्प ऑब्जेक्ट." अहो, आडाळी आहे ती, नारळ खवायची! त्या पोराने आडाळी आयुष्यात पाहिली नसावी. उलटसुलट करून, त्या दातेरी टोकाकडे बघून त्याने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने आणखी कोणाला. तिघे जण उभे राहून एका आडाळीकडे बघतायत आणि मागे रांग तुंबलेली. शेवटी जप्त. पावती दिली. सामान परत कुठे मिळणार? प्रवास संपल्यावर, मुंबईत. आम्ही उतरणार गोव्यात! आमची आडाळी समुद्र फिरून मुंबईला परत गेली, आम्ही पावती घेऊन गावाला. बाबांसाठी डब्यात घावणे आणि चटणी होती. त्यांना साखर आहे, वेळेवर खावं लागतं. "आउटसाइड फूड नॉट अलाउड." डबा तिथेच कचऱ्याच्या पेटीत. आत बाबांपुढे काय आलं? पास्ता!

आणि मग खरा तमाशा. "गोव्यात उतरणार? बॅगा घेऊन? परवानगी काढलीय का?" फोनवरचा "नो इश्यू सर" आता कुठे होता कोण जाणे. या डेस्कवरून त्या डेस्कवर. आधी मेल करायला हवा होता, मग फॉर्म, मग आधार कार्डाची आणखी एक प्रत, मग साहेब राउंडवर आहेत. म्हणजे तुरुंगातून पॅरोलवर सुटायचं आहे की काय! आम्ही पूर्ण पैसे भरून अर्ध्या रस्त्यात उतरतोय, यांचं नुकसान काय? उलट दोन दिवसांचं जेवण वाचलं यांचं.

रात्रभर वर धांगडधिंगा चालू होता. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर कॅसिनो उघडतो, तेव्हा कुठे बोटीला आपण बोट असल्याचं सार्थक वाटत असावं. असो. लोकांना आवडतं, खेळू देत. मी झोपलो नव्हतो, बाबाही नव्हते. पहाटे आम्ही दोघे डेकवर. मोबाईलला रेंज नाही, पण नकाशावरचा निळा ठिपका चालू होता. मालवण डाव्या हाताला. बाबा कितीतरी वेळ त्या बाजूला बघत राहिले आणि म्हणाले, "हयसरच उतरवूक काय झाला ह्यांका?"

काय सांगू त्यांना? त्यांच्या तरुणपणी उतरवत होते. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. मालवणला धक्का नव्हता तरी अडत नव्हतं. बोट बाहेर उभी राहायची, पडाव, म्हणजे छोटी होडकी, जवळ यायचे, होडीचा तांडेल हात द्यायचा, आधी पोरं खाली, मग ट्रंका, मग कोंबड्यांची डालगी. गिरणीतला कामगार डेकचं तिकीट काढून घोंगडी पसरून झोपायचा. आरामात नव्हतेच लोक, ओकून ओकून बेजार व्हायचे. पण सकाळी आपल्या बंदरात उतरायचे. आपल्या! वास्कोला उतरून, बंदरातल्या बसने गेटपर्यंत येऊन, मग टॅक्सीवाल्याने तोंडाला येईल तो भाव सांगितल्यावर मुकाट्याने तीन तास उलटं उत्तरेला यायचं नाही. जिथून पहाटे पुढे गेलो तिथेच दुपारी उन्हातान्हात परत आलो आम्ही. याला प्रवास म्हणतात?

ती आगबोट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बंद पडली. नव्वदच्या दशकात कॅटामरान, म्हणजे जुळ्या सांगाड्यांची वेगवान बोट आली, तीही गेली. 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' क्रूझ आली, कान्होजी आंग्र्यांचं नाव, पेपरात फोटो, आम्ही कोकणी माणसं छाती फुगवून फिरलो. करोनात तीही थांबली. मग 2025 च्या गणपतीच्या तोंडावर मुंबई-जयगड-विजयदुर्ग रोरोचे, म्हणजे माणसांसकट गाड्या नेणाऱ्या बोटीचे ढोल वाजले. जयगड तीन तासांत, विजयदुर्ग पाच तासांत, दक्षिण आशियातली सर्वात वेगवान, गाडीसुद्धा बोटीतून न्या. दरपत्रकही आलं. साधं तिकीट 2500, वरच्या वर्गाचं 9000, चारचाकीचे 6000. रेल्वेचं स्लीपर पाचशेच्या आत आहे, तरी आम्ही म्हटलं, देऊ 2500, एकदा सुरू तर करा! 27 ऑगस्टला गणपती आले. बोटीची तारीख काय ठेवली होती? 1 सप्टेंबर! दीड दिवसाचे गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाल्यावर! आणि मग हवामान खराब, परवानग्या, चाचणी. त्या गणपतीला त्या बोटीने कोणीही गावाला गेलं नाही.

पावसात बोट नको, हे मला शिकवू नका. 17 जुलै 1947 ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या भागात ते नाव आजही कोणी सहज घेत नाही. म्हणूनच 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी बोटी बंद ठेवायची शिस्त आहे, आणि ती असायलाच हवी. पण मग उरलेले नऊ महिने? दिवाळी, शिमगा, जत्रा, लग्नसराई, आंब्याचा हंगाम, पोरांची मे महिन्याची सुट्टी, हे सगळं कोरड्या दिवसांतच येतं ना? तेव्हा समुद्र तळ्यासारखा पडलेला असतो, आणि आम्ही मात्र माणगावच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद करून वडापाव खात बसलेले असतो. 2011 पासून तो मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतोय. तेव्हा जन्मलेली पोरं आता दहावीच्या क्लासला जातात. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण झाली, तिच्यावर किती भार टाकणार? आमच्या सिंधुदुर्गात चिपीला 2021 मध्ये वाजतगाजत विमानतळ झाला, तर मुंबईचं विमान आज आहे, उद्या रद्द, आणि 2024 मध्ये ते बंदच पडलं. म्हणजे विमानाऐवजी बोटीने जा म्हणणाऱ्यांनो, आमच्याकडे 'ऐवजी' म्हणायला आधी एक तरी गोष्ट धड चालू पाहिजे.

आणि पैसे नाहीत असं कोणी म्हणू नका. बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल झालं, सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन. 72 काउंटर. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळायची तयारी, एका वेळी पाच जहाजं लागतील एवढी जागा. छान आहे, चकाचक आहे, बघून डोळे दिपतात. त्यातला एक काउंटर, फक्त एक, मालवणच्या तिकिटाचा उघडला तर काय टर्मिनलची शोभा जाईल? बाहेरून पर्यटक येऊन चार तासांत मुंबई बघून जाणार, त्यांच्यासाठी लाल गालिचा. आणि ज्यांच्या आजोबांनी याच गोदीत हमाली केली, त्यांनी पनवेलला खासगी बसच्या दलालाशी घासाघीस करायची.

जमत नाही म्हणाल, तर तेही खोटं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो 2020 पासून चालू आहे. गाडी आत, माणसं वर, तासाभरात पलीकडे. वडखळचा वळसा नाही, शिव्या नाहीत. अलिबागला बंगले असलेल्यांची सोय झाली हो. व्हायलाच हवी, माझी हरकत नाही. पण ती बोट मांडव्याच्या पुढे जायचं नावच घेत नाही.

मला स्विमिंग पूल नको. डीजे नको, आठ प्रकारचं सॅलड नको, टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवू नका. बाक द्या, पंखा द्या, स्वच्छ संडास द्या, दुधाचा चहा आणि एखादी कांदाभजीची प्लेट. एका बाजूचं तिकीट द्या, हातात पिशव्या घेऊन चढू द्या, आणि वाटेतल्या बंदरांवर थांबा. बाकी आमचं आम्ही बघतो.

परवा त्याच कंपनीचा मेसेज आला. 'सर, वी मिस्ड यू ऑन द रिटर्न सेलिंग. रेट युवर एक्सपीरियन्स.' खाली पाच तारे. मी लिहिलं, आडाळी कुठाय? अजून उत्तर नाही.