फ्लॅट स्कीमचं सामायिक सोलर ‘बुडणारच’? मेसेजमधले दावे तपासू या

नागपुरातल्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इथल्या उन्हात पॅनेल भाजून निकामी होतात, पावसाळ्यात नुसती शोभेला उरतात, लाईट गेली की उपयोग शून्य, कोराडीचं औष्णिक वीज केंद्र शेजारी असताना ही उठाठेव कशाला, आणि सगळ्यांच्या मालकीची वीज म्हणजे मुळा-प्रवरा या सहकारी वीज संस्थेसारखा बट्ट्याबोळ ठरलेला. यातला एक दावा पूर्ण खरा आहे. बाकीच्यांच्या भीतीनं लोक आमसभेतच माघार घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ऊन. पॅनेल वीज तयार करतं उजेडावर, तापण्यावर नाही. पॅनेलमधल्या सेलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटतं. मेअखेरच्या नवतपात सेल 65 अंशांवर पोचला तर घट 12 ते 16 टक्के. भर दुपारी थोडी कमी वीज, एवढाच त्याचा अर्थ. पॅनेलखाली वारा खेळता ठेवला तर घट आणखी कमी होते. मला उन्हापेक्षा मे महिन्यातल्या आंधीची काळजी जास्त वाटते, म्हणून पॅनेल ज्यावर बसवतात त्या स्ट्रक्चरमध्ये काटकसर नको.

पावसाळ्यात उत्पादन कमी होतं, बंद पडत नाही. वर्षभराची सरासरी एक किलोवॅटच्या पॅनेलमागे दिवसाला 4 युनिटच्या आसपास धरतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, उन्हाळ्यातले उरलेले युनिट पुढच्या बिलांत वळते होतात आणि हिशेब मार्चअखेर मिटतो.

लाईट गेली की सोलरही बंद, हे मात्र खरं. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा, बॅटरी नसलेला सोलर इन्व्हर्टर तेव्हा मुद्दाम थांबतो, नाहीतर दुरुस्तीला चढलेल्या लाईनमनच्या तारेत आपली वीज जाईल. लिफ्ट चालू हवी असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरावा लागेल. विकणाऱ्यांनी हे आधीच सांगायला हवं.

कोराडी शेजारी असल्याचा बिलात फायदा काय? महावितरणचा घरगुती दर नागपूरला आणि कोल्हापूरला एकच. शेजाराचं आपल्या वाट्याला काय येतं ते जुलै 2022 मध्ये दिसलं: कोराडी केंद्राच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत गेली.

आता मालकी, कारण खरी भीती इथेच आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा सहकारी संस्था घाऊक वीज घेऊन गावोगाव वाटत असे. थकबाकी डोंगराएवढी झाली आणि 2011 मध्ये तिचं काम महावितरणकडे गेलं. स्कीमच्या गच्चीवरच्या पॅनेलांना कुणाकडून वीज विकत घ्यायची नाही की कुणाकडून वसुली करायची नाही, मग ते उदाहरण इथे लागू कसं? तुलनाच करायची तर गुजरातमधल्या ढुंडीची करा. तिथे 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली, सोलरवर पंप चालवले आणि उरलेली वीज ग्रिडला विकली. ऑस्ट्रेलियातल्या डेल्सफर्डजवळच्या लोकांनी सहकारी संस्था काढून दोन पवनचक्क्या उभ्या केल्या, त्या 2011 पासून फिरताहेत.

भांडणं होतील, नाही असं नाही. वरच्या मजल्यावरचे म्हणतील, स्लॅब गळेल. त्यांचं चुकत नाही: आधी वॉटरप्रूफिंग करा, मग स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करा. बिल्डर गच्चीवर हक्क सांगत असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे स्कीममधलं सामायिक काय ते नोंदवणारा दस्त, काढून वाचा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 10 किलोवॅटला 1 लाख 80 हजार. त्यातून लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी महिन्याला सरासरी हजार-बाराशे युनिट मिळतात.

ठरावात चार गोष्टी लिहून ठेवा: वर्गणी फ्लॅटच्या आकारावर की सारखी, फ्लॅट विकला तर हिस्सा कुणाचा, धूळ दर पंधरा दिवसांनी कोण धुणार, आणि इन्व्हर्टर बदलायची वेळ येईल तेव्हाचा पैसा कुठल्या खात्यात जमा होणार. दिवाळीनंतर आमसभा घेतली तर उन्हाळ्याआधी पॅनेल लागू शकतात आणि एप्रिलपासूनचे युनिट पावसाळ्याच्या बिलांत कामी येतात.