बाराव्या फुलाचं गालबोट

पणजीहून लोक काजू आणतात. मी टाइल्सचं वेड घेऊन आले.

खरं तर आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत आम्ही शिरलो ते निव्वळ ऊन चुकवायला. आत प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळी-पांढरी चित्रंच चित्रं! पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग, जॉर्ज कोलासो नावाच्या चित्रकाराने 1935 साली टाइल्सवर रंगवलेले. या गृहस्थांनी पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराच्या साव बेंतो रेल्वे स्टेशनात सुमारे 20,000 टाइल्स रंगवून ठेवल्यात. मला पाहिजे होत्या फक्त 48. ओट्यामागच्या भिंतीसाठी.

या टाइल्सना तिकडे अझुलेझु म्हणतात. पोर्तुगीजमध्ये निळ्याला ‘अझुल’ म्हणतात, पण या नावाचा त्याच्याशी संबंध नाही. शब्द मूळ अरबी, अर्थ घोटलेला छोटा दगड. हे मी नवऱ्याला परतीच्या अख्ख्या प्रवासात ऐकवलं. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला स्पेनमधलं सेव्हिल बघून आला आणि तिकडच्या टाइल्स मागवून त्याने सिन्त्राचा राजवाडा मढवला असं सांगतात, म्हणजे सहलीहून हे खूळ घेऊन परतणारी मी काही पहिली नव्हे, हेही ऐकवलं. “त्याला राजवाडा होता,” एवढंच नवरा म्हणाला.

पुण्यात दुकानदाराने आधी ‘डार्क, लाइट, हायलाइटर’ दाखवलं. खाली गडद, वर फिकट आणि मधूनमधून कपबशी, पपई नाहीतर द्राक्षाचा घड. ज्या घरात आवळ्याच्या सरबतापलीकडे काही प्यायलं जात नाही, तिथे द्राक्षाशेजारी उंच दांड्याचा ग्लास कशासाठी, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. मी अझुलेझु म्हटल्यावर तो आत ओरडला, “अरे, ते मोरोक्कन काढ!” दुकानदारांच्या लेखी चार पाकळ्या असलेलं सगळं मोरोक्कन. वाद घालणार होते, पण ही कला स्पेन-पोर्तुगालात मूर लोकांकडूनच, म्हणजे मोरोक्कोकडच्या मुसलमानांकडूनच गेली हे आठवलं आणि गप्प बसले.

“हाताने रंगवलेल्या आहेत?”

“मोरबीच्या आहेत ताई. मशीनच्या. पण दिसतात हातच्या.”

दिसत होत्या खऱ्या. फक्त प्रत्येक टाइलवर कलाकाराचा ब्रश नेमका त्याच जागी थरथरला होता.

टाइल आठ इंची चौरस. एका टाइलवर पाव फूल, चार जोडल्या की पूर्ण. ओट्यामागची भिंत आठ फूट लांब, म्हणजे आडव्या बारा. उंची मात्र दोनच फूट, म्हणजे तीन ओळी, म्हणजे दीड फूल. अर्धी फुलं मला नको होती. मग वरची स्टीलची मांडणी आठ इंच वर सरकवली. तेव्हापासून वाटी काढायला सासूबाई स्टुलावर चढतात आणि चढताना दर वेळी पोर्तुगीजांचं नाव घेतात.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी टाइल्स पाण्याच्या टबात बुडवल्या. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स पाणी शोषतात. कोरड्याच लावल्या तर सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकतात आणि मग पकड धरत नाहीत. टबात बुडबुडे येऊ लागले. सासूबाई डोकावल्या. “मोड कधी येणार?”

दुपारी बघते तर पहिल्या ओळीत सगळी पाव फुलं एकाच दिशेला तोंड करून उभी, सकाळच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरांसारखी. “मिस्त्री, फूल कुठाय?” ते दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली. “ताई, हे वेलीसारखं पण चांगलं दिसतंय.”

संध्याकाळी नवऱ्याने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. एक टाइल चार प्रकारे बसू शकते. चार टाइल्स म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, 256. “त्यातलं फूल एकच. माणूस 255 वेळा चुकला तरी नियमात आहे.” इंजिनियरशी लग्न करावं, पण घराचं काम काढू नये. मग त्याने रात्री जागून उरलेल्या टाइल्सच्या पाठीवर खडूने क्रमांक आणि बाण काढले. सकाळी मिस्त्रींनी त्या शिरस्त्याप्रमाणे टबात बुडवल्या.

पाणी पांढरं झालं.

शेवटी मार्ग काढला सासूबाईंनी. रांगोळीचा डबा आणला, स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठिपके टाकले आणि मिनिटभरात तेच फूल काढलं. “हे बघ रे बाबा. पाकळ्यांची टोकं मध्ये भेटली पाहिजेत. देठ बाहेर. गाठ पोटात.” मिस्त्रींचा चेहरा उजळला. “मावशी, हे असं सांगायचं ना आधी!” त्यांनी चुकलेली ओळ ओली होती तोवरच उकलली आणि दोन दिवसांत भिंत उभी केली.

दोन दिवस मी पाहुण्यासारखी दारात उभी राहून फुलं बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि नजर स्विचबोर्डाखाली गेली. बाराव्या फुलाची उजवीकडची खालची पाकळी फुलाकडे पाठ करून, रुसलेल्या जावयासारखी.

आता सिमेंट धरलं होतं. “काढतो,” मिस्त्री फोनवर म्हणाले, “पण शेजारच्या दोन फुटतील. त्या काढताना अजून दोन.” शिल्लक टाइल्स तीन. दुकानात बॅच बदलली होती आणि नवीन खोक्यातला निळा रंग जरा जांभळटच होता.

“असू दे गं,” सासूबाई म्हणाल्या. “गालबोट.”

आलेल्या कुणाला ती पाकळी दिसत नाही. मला मात्र दुसरं काही दिसत नाही. फोडणी देताना तिच्याकडे बघते आणि मोहरी करपते. कॅलेंडर टांगून पाहिलं, तर ते स्विचच्या आड आलं. अखेर तिथे तेलाची बरणी ठेवली. आल्यागेल्याच्या नजरा पहिल्यांदाच त्या कोपऱ्याकडे वळू लागल्या, म्हणून तीही उचलली.

गेल्या आठवड्यात मिस्त्रींचा फोन आला. आवाजात भलताच उत्साह. “ताई, तुमच्या किचनचा फोटो एका मॅडमना दाखवला. त्यांना सेम टू सेम पाहिजे. तेवढं एक सांगा, कोपऱ्यातली ती उलटी टाइल आपण कुठल्या बाजूला फिरवली होती?”