एका प्लॉटवर दोन बालपणं बांधताना

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना हाती घेताय? अभिनंदन. वस्तीवाल्यांच्या जिवावर मिळालेल्या एफएसआयमधून, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीतून, तुमचा विक्रीचा टॉवर उभा राहणार. तेव्हा त्यांची पोरं टॉवरमधल्या मुलांच्या नजरेस पडू नयेत, एवढी काळजी घ्यायलाच हवी.

रस्त्याकडची बाजू टॉवरला, नाल्याकडची रिहॅबला, म्हणजे वस्तीवाल्यांच्या इमारतींना. घर 300 चौरस फुटांचं. त्याहून मोठं द्या असं कुठे लिहिलंय? दोन इमारती जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणा. मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत बघून या, खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते.

खेळाच्या जागेचं मात्र जपून करा. योजना परवडत नाही म्हटलं की मोकळी जागा 8 टक्क्यांपर्यंत खाली आणता येते. बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, नेणं सोयीचं, पण किमान बाग जमिनीवरच हवी, असा खोडा सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये घातला. हरकत नाही. जमिनीवरचा तुकडा रिहॅबच्या अंगाला दाखवा आणि शेजारी सबस्टेशन, पंपरूम बसवा. उरलेल्या जागेत मोटारसायकली आपोआप येतात. पोडियमवर झोके, रबराची जमीन आणि कार्डाशिवाय न हलणारी लिफ्ट.

रिहॅबमध्ये बालवाडीची खोली द्यावी लागते. द्या. गणपतीचं सामान ठेवायला जागा लागतेच.

वस्तीत आई भाकऱ्या थापता थापता उंबऱ्यातून पोरावर लक्ष ठेवायची. ती नसली तर चार शेजारणी होत्या. सतराव्या मजल्यावरून खालचं पोर दिसत नाही, म्हणून ते पॅसेजमध्ये खेळतं. तिथे ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’ ही पाटी लावा. लिफ्ट बंद पडली तर जिना आहेच.

मधली भिंत आठ फूट. वर काचा नकोत, ब्रोशरमध्ये वाईट दिसतात, बांबू लावा.

पुढचं काम टॉवरच्या कमिटीचं. मे महिन्यात घरकामाच्या मावशींबरोबर त्यांचं पोर येतं. वॉचमनला बजावून ठेवा: सर्व्हिस लिफ्ट, आणि झोक्याला हात लावायचा नाही.

एक भोक मात्र बुजत नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्यात. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये त्यातून मोकळं केलं होतं, तर जुलैत हायकोर्टाने तेही रद्द केलं. म्हणजे पहिलीत दोन्ही गेटांची पोरं एका बाकावर बसू शकतात. तेव्हा वाढदिवस पोडियमवर करणार असाल, तर पाहुण्यांची यादी आदल्या दिवशीच गेटवर देऊन ठेवा.