नवीन मॉडेल येतंय, थांब की जरा!

पौष म्हणजे लग्नवाल्या फोटोग्राफरांना सक्तीची सुट्टी. मुहूर्तच नाहीत, त्यामुळं साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर सहाच्या पुढं फुल हजेरी असते आणि विषय एकच, बंड्या कॅमेरा कधी घेणार. बंड्याकडं कॅननचा फाइव्ह डी मार्क थ्री आहे, २०१२ चं मॉडेल. शटरचं रेटिंग दीड लाख क्लिकचं आणि ह्यानं ते कधीच मागं टाकलंय. ग्रिप हाताच्या घामानं गुळगुळीत झालीय, डायलवरची अक्षरं पुसट झालीयत, नवीन असिस्टंटला तर एम कुठं आणि एव्ही कुठं हे बोट लावून दाखवावं लागतं. पण चालतोय. दर तुळशीच्या लग्नाला हा "यंदा घेणारच" म्हणतो आणि दर वेळी कुठनंतरी पुडी सुटते की पुढचं मॉडेल येतंय, की गडी परत थांबला.

ह्या वेळी तर दोन्हीकडनं आलं. नोव्हेंबरात कॅननचा आर सिक्स मार्क थ्री आणि डिसेंबर उजाडतोय तोवर सोनीचा ए सेव्हन मार्क फाइव्ह. बंड्या म्हणला, आता आर सिक्स मार्क थ्री घेऊ, का त्याच्या आधीचा आर सिक्स मार्क टू उतरलाय तो घेऊ, का अजून थोडं थांबू, कारण सोनीनं एवढं दिलंय म्हणल्यावर कॅनन काहीतरी काढणारच.

"काढणार ना," सम्या म्हणला. सम्या सोनीवाला, प्री-वेडिंग आणि रील्स करतो, कासला फुलं आली की हा घरी सापडत नाही. "पण मला एक सांग, तुमच्या कॅननला जाग कुणी आणली? २०१६ ला फाइव्ह डी मार्क फोर आला, त्यात फोरके व्हिडिओ दिला पण १.७४ चा क्रॉप मारून, म्हणजे चित्राच्या कडा कापून. चोवीसची लेन्स लावली की बेचाळीसची झाली, म्हणजे हॉलमध्ये मागं सरकत सरकत भिंतीला पाठ लागायची. पुढच्या वर्षी सिक्स डी मार्क टू, त्यात नेहमीच्या व्हिडिओला फोरकेच नाही. का नाही? जमत नव्हतं? अरे २००८ ला फाइव्ह डी मार्क टू मध्ये फुल एचडी व्हिडिओ देणारी हीच कंपनी ना, अख्खी दुनिया वेडी झालती तेव्हा."

ह्यात सम्याचं चुकत नाही. कॅननला व्हिडिओ येत नव्हता असं कोण म्हणेल? २०११ पासनं त्यांची सिनेमा कॅमेऱ्यांची वेगळी लाइन आहे, आणि स्वस्तातल्या बॉडीत सगळं देऊन टाकलं तर तो महागाचा माल घेणार कोण, एवढा साधा हिशोब असणार, असं आपलं माझं मत. निकॉन काय, कॅनन काय, दोघांचेही आरशावाले डीएसएलआर बख्खळ खपत होते, लेन्सा खपत होत्या, मग बिनआरशाच्या मिररलेसची घाई कशाला करतील. सोनीचं तसं नव्हतं, सोनीकडं सांभाळण्यासारखं जुनं गिऱ्हाईकच फार नव्हतं. २०१३ ला ए सेव्हन आणि ए सेव्हन आर काढले, फुल फ्रेम म्हणजे रोलच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेले मिररलेस, तेव्हा ह्याच कट्ट्यावर लोक हसलेत. बॅटरी अर्ध्या दिवसात बसते, लेन्सा कुठायत, हे काय खेळणं आहे. मग फेब्रुवारी २०१८ ला ए सेव्हन मार्क थ्री आला आणि हसणं बंद झालं. दोन हजार डॉलरात फुल फ्रेम, दोन कार्ड स्लॉट, सेकंदाला २५ फ्रेमला क्रॉपशिवाय फोरके, आणि बॅटरी आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकणारी.

"आणि त्याला उत्तर म्हणून काय आलं?" सम्या उठून उभाच राहिला. "ऑगस्टला निकॉनचे झेड सिक्स, झेड सेव्हन, सप्टेंबरला कॅननचा ईओएस आर. तिन्हीत कार्ड स्लॉट एक! एक! मला सांगा, कार्ड उडालं तर सप्तपदी परत घालायला लावणार काय?"

ह्याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. एका स्लॉटवरनं तेव्हा जी शिवीगाळ झाली ती बघण्यासारखी होती, आणि बरोबर होती. बाहेरच्याला वाटतं एक काय नि दोन काय, पण लग्नाचं काम करणाऱ्याला विचारा. अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, पोरगी मान वर करून बघते, हे सगळं मिळून दोन-तीन सेकंद. ते दोन कार्डांवर एकदम लिहिलं जातंय म्हणल्यावरच माणसाला रात्री झोप लागते. २०२० ला कॅननच्या आर सिक्समध्ये दोन स्लॉट आले, निकॉनच्या झेड सिक्स टू मध्ये दोन आले. दोन वर्षांत काय दुसरा स्लॉट बसवायचा शोध लागला काय? मला तर वाटतं कुठली गोष्ट कधी द्यायची हे इंजिनियर कमी ठरवतो आणि समोरच्या कंपनीचं लाँच जास्त ठरवतं. मग आपण थांबतो म्हणजे टेक्नॉलॉजीसाठी थांबत नाही, समोरच्यानं नाक दाबायची वाट बघत थांबतो.

आप्पा इतका वेळ गप चहा पीत होते. आप्पांचा स्टुडिओ रोलच्या काळातला, आता पासपोर्ट फोटो आणि जुन्या फोटोंचं रिस्टोरेशन. "सम्या, तुझी सोनी काय आकाशातनं नाही पडली बाबा," म्हणले. "कोनिका मिनोल्टानं २००६ ला कॅमेऱ्याचा धंदा सोडला, तो सोनीनं घेतला, त्यावर हे सगळं उभं राहिलं. आणि बंडू, तू आधी बॅग उघडून लेन्सा मोज. बॉडी आज आहे उद्या नाही, माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला बसते ती जोडणी, ती सोयरीक असती, एकदा जुळली की मोडताना खर्च दोन्हीकडनं. कॅनननं १९८७ ला एफडी माउंट सोडून ईएफ आणलं, जुन्या लेन्सा नव्या बॉडीला नीट लागेनात, काय काय बोललेत लोक त्या वेळी. निकॉननं १९५९ चं एफ माउंट धरून ठेवलं म्हणून सगळे निकॉनचं नाव घ्यायचे. पण ऑटोफोकसमध्ये पुढं कोण गेलं? कॅननच गेलं. नव्या माउंटमध्ये मोटर लेन्समध्येच होती, सगळं इलेक्ट्रॉनिक."

"आणि आता तेच कॅनन मिररलेसच्या आरएफ माउंटला कुलूप लावून बसलंय," सम्या म्हणला. हेही खरंय. सोनीच्या माउंटला सिग्मा, टॅमरॉन, व्हिल्ट्रॉक्स, पाहिजे त्या बजेटची लेन्स मिळते. कॅनननं २०२२ ला व्हिल्ट्रॉक्सला ऑटोफोकसच्या आरएफ लेन्सा बंद करायला लावल्या, मग २०२४ ला सिग्माला दार उघडलं ते पण फक्त क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, लेन्सांपुरतं. एवढं मोठं मार्केट आणि ही वृत्ती, मला तरी पटत नाही. पण बंड्याला त्याचा त्रास किती? त्याच्याकडं ईएफच्या चोवीस-सत्तर, सत्तर-दोनशे आणि पंच्याऐंशी एमएमच्या लेन्सा, तिन्ही मधे जोडायच्या अॅडॉप्टरवर आर सिरीजला मस्त चालतात. सोनीवर गेला तर ह्याच लेन्सा निम्म्या किमतीत फुंकून नव्या घ्यायच्या, म्हणजे बॉडीपेक्षा तोच खर्च मोठा. कंपनीला पण हे माहीत असतं, म्हणून तर ज्याच्या बॅगेत तीन लेन्सा आहेत त्याला जरा उशिराच देतात सगळं.

निक्याचं मधेच सुरू झालं. निक्या बँकेत, रविवारी पक्षी, पक्का निकॉनवाला. सम्या त्याला नेहमी डिवचतो की तुझ्या निकॉनातला सेन्सर सोनीच्या कारखान्यातला. डी८०० चा ३६ मेगापिक्सेलवाला तर सोनीचाच होता, निक्या ते नाकारत नाही, फक्त म्हणतो पीठ कुणाचं का असेना, भाकरी निकॉनचीच चांगली. तर निक्या म्हणला, "बंड्या, थांबायचं काय असतं ते मला विचार." आणि मग आम्ही सगळ्यांनी डोक्याला हात लावला, कारण आता डी४०० चं पुराण.

पण ते आहे भारी. निकॉनचा डी३०० एस आला २००९ ला, क्रॉप सेन्सर, दणकट बॉडी, पक्षीवाल्यांचा लाडका. पुढचा डी४०० येणार हे सगळ्या जगानं धरून ठेवलेलं. २०१० गेलं, ११ गेलं, १२ ला डी४ आणि डी८०० आले, डी४०० नाही. दर दोन-तीन महिन्यांनी रूमर, ह्या वेळी नक्की. सप्टेंबर २०१४ ला कॅनननं सेव्हन डी मार्क टू काढला, काहीजण कंटाळून तिकडं गेले, निक्या नाही गेला. शेवटी जानेवारी २०१६ ला कॅमेरा आला, साडेसहा वर्षांनी, आणि त्याचं नाव डी५००. डी४०० नावाचा कॅमेरा कधी आलाच नाही! त्या काळात येरळवाडीच्या तलावावर फ्लेमिंगो येत होते आणि जात होते, आणि हा घरात बसून रूमर वाचत होता, का तर जुन्या बॉडीला कमी उजेडासाठी आयएसओ वाढवला की फोटोत नॉइज, म्हणजे दाणे, येतात म्हणून.

"पण डी५०० भारी निघाला ना?" बंड्या म्हणला.

"भारी म्हणजे? आजपण भारी आहे. पण मधल्या वर्षांचे फोटो कुठायत माझ्याकडं?"

मला विचाराल तर निक्याचं थांबणं परवडलं कारण त्याचा पगार एक तारखेला होतो. बंड्याचं तसं नाही. माघ लागला की त्याच्या तारखा भरल्यात, आणि हल्ली हॉलमध्ये ते एलईडीचे लाइट असतात, संगीतला तर शार्पी लाइटचा झोत गरागरा फिरत असतो, अंधारात जुना फोकस हळदीच्या पिवळ्या तोंडावर नुसता पुढंमागं करत बसतो आणि तेवढ्यात करवली हळद लावून मोकळी. डोळा पकडणारा ऑटोफोकस ही ह्या दहा वर्षांतली सगळ्यात कामाची गोष्ट, बाकी मेगापिक्सेल-बिगापिक्सेल गिऱ्हाईक विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं ड्रोन आहे का आणि रील कधी देणार.

आप्पांचा मुद्दा वेगळाच होता आणि तो मला जास्त टोचला. "तुम्ही म्हणताय स्पर्धा आहे म्हणून मिळतंय. पण स्पर्धेत राहिलंय कोण? २०१० ला जगात बारा कोटीच्या वर डिजिटल कॅमेरे गेले, २०२० ला एक कोटीसुद्धा नाही, नव्वद लाखाच्या आत. मोबाईलनं खाल्ले सगळे. सॅमसंगनं २०१४ ला एनएक्स वन काढला, काळाच्या पुढचा, आणि पुढं गुपचूप धंदा बंद. ऑलिंपसनं कॅमेऱ्याचा धंदा विकला. कोडॅकनं तर १९७५ लाच स्वतः डिजिटल कॅमेरा बनवून बघितलेला, ती जानेवारी २०१२ ला दिवाळखोरीत गेली. आता तिघं-चौघं उरलेत आणि सगळे वरच्याच रेंजचं काढतायत, कारण दहा हजाराचा कॅमेरा घेणारा आता मोबाईलच घेतो. थांबलं की स्वस्त होईल हे विसरा."

"आप्पा, एकदा झालंय पण," बंड्या म्हणला, "जीएसटी." हां, ते खरं. कॅमेऱ्यावर आधी २८ टक्के होता, तो जानेवारी २०१९ पासनं १८ झाला, आणि डिसेंबरात जे थांबले त्यांची चांदी झाली. बंड्या तेव्हापण थांबलेला. फक्त जानेवारीत त्यानं कॅमेरा घेतला नाही, कारण तेव्हा कॅननचा ईओएस आरपी येतोय अशी बातमी होती.

मग शेवटी हिशोबाला बसलो. आर सिक्स मार्क थ्रीला साडेबत्तीस मेगापिक्सेल, सेव्हनकेचा रॉ व्हिडिओ, पण एक स्लॉट सीएफएक्सप्रेसचा, म्हणजे कार्डाचा खर्च वेगळा, फाइली मोठ्या म्हणून हार्डडिस्क वेगळी, आणि एडिटिंगचा पीसी रडायला लागला तर तो वेगळा. आर सिक्स मार्क टू २०२२ चा, चोवीस मेगापिक्सेल, दोन्ही स्लॉट एसडीचे, डोळा धरतो, आणि नवा आल्यामुळं भाव उतरलेला. अल्बमला चोवीस कुठं कमी पडत नाहीत. भाव कशामुळं उतरला? नवीन मॉडेल आलं म्हणून. म्हणजे नव्या मॉडेलची वाट बघायची तर ती जुनं घेण्यासाठी बघावी, असं मी म्हणलं, त्यावर सम्यानं कपाळाला हात लावला.

बंड्यानं तिथनंच मुंबईत फोर्टातल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. इंडिया वॉरंटीचा पीस आहे का, ग्रे मार्केटचा नको, बिल पक्कं पाहिजे, अॅडॉप्टर धरून सांगा. माघातल्या मोठ्या लग्नाला व्हिडिओसाठी मार्क थ्री भाड्यानं घेऊन बघू, हेही ठरलं.

सम्या म्हणला, "म्हणजे एवढी वर्षं सोनीनं मार खात खात ह्यांना पळवलं, आणि तू घेणार कॅननच. सोनीला काय मिळालं रे?"

"माझ्याकडनं मिळतात की," निक्या म्हणला, "सेन्सरचे."