पुण्याला आणखी खासदार हवेत, पण

मतदारसंघ पुनर्रचनेवरून पुण्यातल्या माझ्या मित्रांची खडाजंगी चालू आहे. लोकसभेच्या जागा राज्यांना वाटल्या आहेत त्या १९७१च्या जनगणनेवर. आता नव्याने वाटल्या तर लोकसंख्या कमी वाढलेल्या दक्षिणेचं काय, महाराष्ट्राच्या ४८च्या किती होतील, वगैरे. मी इंग्लंडात राहतो म्हणून मलाही ओढतात. इथे ६५० खासदार, एकेकामागे सत्तर-पंचाहत्तर हजार मतदार. पुण्यात एकामागे वीस लाख. बरेच खासदार इथे आठवड्याअखेरीला मतदारसंघात बसतात, लोक आपली कागदपत्रं घेऊन जातात. हेवा वाटतो, नाकारत नाही.

पण जो एक खासदार होता, त्याची खुर्ची रिकामी झाली तेव्हा आपण काय केलं? गिरीश बापट २९ मार्च २०२३ला गेले. कायद्याने सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी होती. यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतली आहे, शिवाय निवडून येणाऱ्याला फार दिवस मिळणार नाहीत, असं आयोगाने सांगितलं. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. थेट जून २०२४पर्यंत पुण्याला खासदार नव्हता. महापालिकेतही तेव्हा मार्च २०२२पासून प्रशासकच होता. बरं, जमत नाही म्हणावं तर आमदार मुक्ता टिळकांच्या निधनानंतर कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक दोनेक महिन्यांत उरकली होती. गणपतीच्या मांडवांची परवानगी रखडली असती तर याहून मोठी बोंब झाली असती.

इथलं सगळं आदर्श आहे असंही नाही. २०२४मध्ये मजूर पक्षाने ३४ टक्के मतांवर ६३ टक्के जागा नेल्या. पण त्याच जुलैत, दोनपेक्षा जास्त मुलांच्या भत्त्यावरून सात मजूर खासदारांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना गटातून निलंबित केलं. खासदारकीला मात्र धक्का लागला नाही. आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. मग पुण्याला एकाऐवजी तीन खासदार मिळाले, तरी तिघं एकच बटण दाबणार. पुनर्रचनेवर भांडा, जरूर भांडा; पण व्हिप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवायला तुमची तयारी आहे का, हे मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारा.