पुत्र म्हणजे गप्प बसणारा मुलगा नव्हे

आज उपासनेत जे ऐकलं त्याने डोकं अजून तापलेलं आहे.

दहावीचा निकाल लागलाय. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलांना टक्के विचारले. आमच्या गल्लीतल्या एका पोराला कमी पडलेत, त्याला उभं केलं आणि म्हणाले, "प्रभू येशूने पित्यापुढे कधी तोंड उघडलं का? वधस्तंभापर्यंत आज्ञेत राहिला. आणि तू?" पोरगं मान खाली घालून शर्टाचं बटण पिळत होतं. वडील शेजारीच ताठ बसलेले. मंडळी म्हणाली, आमेन.

कसलं आमेन?

मार्कच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय काढा. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, "हा प्याला माझ्यापासून दूर कर" असं कोण म्हणालं? मला हे नको, असं पुत्राने पित्याला स्वच्छ सांगितलं. "तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" हे त्यानंतर येतं. पहिलं गाळायचं आणि दुसरं तेवढं मुलांच्या गळी उतरवायचं, हे मला सहन होत नाही.

माझे पपा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. बारावीनंतर मी आयटीआयला जावं असं त्यांच्या मनात होतं, मला इतिहास शिकायचा होता. एका संध्याकाळी ते स्टोव्हच्या बर्नरला पिन मारत बसले होते. मी उभ्या उभ्या, आवाज चढवून, मनातलं सगळं बोललो. आई आतून डोळे वटारत होती. पपांनी एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "अजून काही राहिलंय?"

मग ते बोलले. पगार किती, सोसायटीचं कर्ज किती, आजीच्या औषधांना किती जातात. घर कसं चालतं ते मला त्या दिवशी कळलं. योहानाच्या ५ व्या अध्यायात हेच आहे: पिता पुत्रावर प्रीती करतो आणि स्वतः जे करतो ते सगळं त्याला दाखवतो. आपल्याकडे किती बाप मुलाला काही दाखवतात? आज्ञा तेवढ्या सोडतात.

आणि ज्याच्या नावाने मुलांना दरडावायचं, तो पुत्र पित्याहून कमी आहे हे ठरवलं कुणी? चौथ्या शतकातल्या अरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं की पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असंही कधीतरी होतं. ३२५ साली निकियाच्या परिषदेने ते झिडकारलं. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, केलेला नाही, जन्मलेला आहे. ह्या विश्वासासाठी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. आपण तोच मतांगिकार, म्हणजे विश्वासाची कबुली, उभे राहून म्हणतो आणि खाली बसलो की अरियससारखं बोलतो! फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला लोटणारी गर्दी बघा. मुकुट घातलेल्या, हातात पृथ्वीचा गोल घेतलेल्या त्या लेकरापुढे सगळ्या धर्मांची माणसं हात जोडतात. हा मुलगा आहे म्हणून दुय्यम, असं तिथे कुणाच्या मनातही येत नाही.

हो, "मरणापर्यंत आज्ञांकित" असं प्रेषित पौलाने येशूविषयी लिहिलंय, "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हेही योहानात आहे, ते मी पुसू शकत नाही. पण आपल्या प्राणाविषयी "कोणी तो माझ्यापासून घेत नाही, तर मी होऊनच तो देतो" हे बोलणारा तोच आहे. बरोबरीच्याने आपणहून मानलेलं आणि धाकाने मानलेलं एकच कसं असेल?

लिहिता लिहिता त्या पोराच्या वडिलांचा चेहरा आठवतोय. सातपूरला रात्रपाळी करून आला होता बिचारा. त्याचा राग पोरावर नसेल, भीती असेल. मुलाचं पुढे काय होणार, ही. चारचौघांत त्याचीही मान खाली गेली.

यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्राने अजून एकही चमत्कार केला नव्हता, एकही प्रवचन दिलं नव्हतं. तरी आकाशातून वाणी झाली, "तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे." कामगिरी बघून नव्हे, आधीच. माझ्या इतिहासाच्या फॉर्मवर पपांनी सही केली तेव्हा बारावीचा निकाल लागायचा होता.

उद्या संध्याकाळी मी पाळकसाहेबांना भेटायला जातोय. मुलांना मंडळीसमोर असं पुन्हा उभं करू नये, एवढंच मागणार आहे. आज तिथे होते आणि ज्यांना खटकलं, त्यांनी सोबत यावं. त्या पोराच्या घरी मी आत्ताच जाऊन येतो.