हिरव्या पाण्याविषयीचा ‘घाबरू नका’ संदेश: एक प्रतिवाद

उन्हाळा लागला आणि कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचे पाणी हिरवे झाल्याची छायाचित्रे फिरू लागली, की पाठोपाठ कोल्हापुरातील व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश येतो. ‘घाबरू नका’ असे म्हणून सुरू होणाऱ्या या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: शेवाळ ही निसर्गातील वनस्पती आहे आणि त्याच जातीची स्पिरुलिना लोक पैसे मोजून खातात, पाणी उकळले की त्यातले सगळे मरते, फारच हिरवे दिसले तर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकावे, असले पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले गेले आणि कोणाला काही झाले नाही, यकृताच्या कर्करोगाची गोष्ट ही फिल्टर विकणाऱ्यांनी उठवलेली आवई आहे. रंकाळ्याचे पाणी आज कोणी पीत नाही, हे खरे. परंतु हाच सल्ला कळंबा तलाव, नदीवरचे बंधारे आणि शेततळी यांच्या पाण्यालाही सरसकट लावला जातो, म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासून पाहणे भाग आहे.

वनस्पतीचा मुद्दा मुळातच चुकलेला आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बुळबुळीत तंतूंसारखे वाढते ते शेवाळ बहुतेक निरुपद्रवी असते. साचलेल्या पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा जो थर येतो, तो मात्र अनेकदा सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. काठी बुडवून वर काढली आणि तिला केसांसारखे तंतू लोंबले तर ते शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी माखून निघाली तर सायनोबॅक्टेरियाचा संशय घ्यावा. या जिवाणूंच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्यामुळे पाणी पारदर्शक बाटलीत रात्रभर न हलवता ठेवले, तर सकाळी हिरवा थर तळाशी न बसता वर तरंगताना दिसतो. अर्थात यावरून विष आहे की नाही ते कळत नाही, कारण एकाच जातीचे काही वाण विष तयार करतात आणि काही करत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. स्पिरुलिना याच वर्गातली आहे हे बरोबर, पण ती नियंत्रित टाक्यांत वाढवली जाते. अमेरिकेतील क्लॅमथ सरोवरातून गोळा केलेल्या अशाच एका नैसर्गिक ‘आरोग्यदायी’ शेवाळात विषारी जातीची भेसळ आढळल्यावर ओरेगॉन राज्याला 1997 साली त्यावर विषाची मर्यादा घालावी लागली होती.

सगळ्यांत घातक मुद्दा उकळण्याचा आहे, आणि तो पटकन पटतो याचे कारण आपल्याच अनुभवात आहे. पंचगंगेच्या काठावर गढूळ पाणी, गॅस्ट्रो आणि कावीळ यांचे नाते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 2012 साली इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती, आणि अशा साथीत पाणी उकळून प्या हा सल्ला अगदी योग्यच असतो. पण तो सल्ला जिवंत जंतूंसाठी आहे. मायक्रोसिस्टिन हे सायनोबॅक्टेरियाच्या विषांपैकी सर्वाधिक आढळणारे विष सात अमिनो आम्लांच्या कड्याने बनलेले रसायन आहे. ते जिवंत नसल्यामुळे मरण्याचा प्रश्नच येत नाही आणि चुलीवरच्या उकळीने ते कडे तुटतही नाही. उलट, पाण्यात पेशी शाबूत असतील तर उकळल्याने त्या फुटतात आणि आतले विष पाण्यात उतरते. वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते ते वेगळेच. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात एरी सरोवराच्या पाण्यातून हे विष शुद्धीकरण केंद्राच्या पलीकडे गेले, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना देताना ‘उकळूही नका’ असे मुद्दाम बजावावे लागले होते. घरातल्या यूव्ही दिव्याचेही तेच: तो जंतू मारतो, हे विष नाही. आरओचा पडदा आणि ताजा सक्रिय कोळसा यांचा मात्र उपयोग होतो. वर्षानुवर्षे न बदललेल्या कोळशाच्या कांडीवर विसंबण्यात अर्थ नाही.

मोरचूदाबद्दल फार लिहायला नको, एक उदाहरण पुरेसे आहे. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर 1979 साली लोकांच्या तक्रारीवरून पिण्याच्या पाण्याच्या धरणात मोरचूद टाकून हिरवा थर मारण्यात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत 148 जण यकृत आणि मूत्रपिंडाच्या त्रासाने आजारी पडले आणि त्यांतील 138 मुले होती. थर मेला, पण मरताना पेशींनी आपले विष पाण्यात सोडले. द्राक्षबागेवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारणे वेगळे आणि पिण्याच्या तलावात तोच उपाय करणे वेगळे. शुद्धीकरण केंद्रात सुरुवातीलाच क्लोरीनचा मारा केला तर असेच घडू शकते. म्हणून तुरटीने पेशी अख्ख्या खाली बसवून तो गाळ वेळेवर काढणे आणि क्लोरीन त्यानंतर देणे हा क्रम महत्त्वाचा असतो.

‘पिढ्यान्‌पिढ्या प्यायलो’ या युक्तिवादात दोन घोटाळे आहेत. एक, त्या पिढ्यांचे पाणी आणि आजचे पाणी एक नाही. सायनोबॅक्टेरियाला ऊन, संथ पाणी आणि फॉस्फरस-नायट्रोजन हवे असते. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की नदीचे लांबच लांब तळे होते, आणि त्यात जयंती नाल्यासारख्या नाल्यांचे सांडपाणी, साबण-डिटर्जंट आणि उसाच्या फडातून वाहून आलेले खत मिसळते. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, त्याच पोषणावर वाढते. ते डोळ्यांना दिसते म्हणून आंदोलने होतात, हे जिवाणू तितके दिसत नाहीत. दोन, ‘काही झाले नाही’ हे कोणी तपासून सांगितलेले नसते. हे विष रक्तातून यकृताच्या पेशींत शिरते आणि पेशींच्या कामकाजाला लगाम घालणारी काही प्रथिने निकामी करते. यकृताची राखीव ताकद मोठी असल्यामुळे थोड्या मात्रेने होणारी हानी वर्षानुवर्षे बोलत नाही.

कर्करोगाची गोष्ट ही आवई आहे काय? येथे जपून बोलावे लागेल, कारण घाबरवणारे संदेशही काही कमी नाहीत. चीनमधील छीतोंग आणि हायमेन भागांत विहिरीच्या पाण्याच्या तुलनेत तळी-नाल्यांचे पाणी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग अधिक आढळला होता. परंतु त्याच भागात हिपॅटायटिस बी आणि बुरशीच्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन यांचाही प्रादुर्भाव होता, त्यामुळे सगळा दोष पाण्यावर टाकता येत नाही. छाओहू सरोवरातील मच्छीमारांच्या रक्तात हे विष सापडले आणि त्याचा यकृताच्या चाचण्यांतील बिघाडाशी संबंध दिसला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मायक्रोसिस्टिन-एलआर ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले’ या 2बी गटात ठेवले आहे. म्हणजे सिद्ध गुन्हेगार नव्हे, पण सोडून देण्याजोगाही नव्हे. आणि फिल्टर विकणाऱ्यांचा आरोप तर टिकतच नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर प्यायच्या पाण्यासाठी लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम ही मर्यादा 1998 सालीच सुचवली होती. ती उंदरांवरील प्रयोगात अपाय न दिसलेल्या मात्रेला हजाराने भागून, 60 किलोच्या आणि दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या प्रौढाचा हिशेब धरून काढलेली आहे. थोड्या काळापुरती 12 मायक्रोग्रॅमपर्यंतची मोकळीक 2020 मध्ये दिली गेली, पण बाळांना ती नाही: बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात वजनाच्या मानाने कितीतरी अधिक पाणी जाते, आणि दुधाची पावडर आपण उकळलेल्या पाण्यातच कालवतो.

जनावरांचा उल्लेख संदेशात नाही, पण म्हशींच्या या जिल्ह्यात तो यायला हवा होता. सायनोबॅक्टेरियाच्या विषबाधेची पहिली शास्त्रीय नोंदच 1878 साली ऑस्ट्रेलियातील एका सरोवरावर पाणी पिऊन मेलेल्या जनावरांची आहे. वाऱ्याने थर ज्या काठाला जमा होतो, तिथे विष सर्वाधिक असते, आणि म्हैस नेमकी काठावरच तोंड लावते.

संदेशाचे शेवटचे वाक्य ‘नळाला वास येत नसेल तर पाणी चांगले’ असे आहे. पहिल्या पावसासारखा मातकट वास जिओस्मिन या रसायनाचा असतो. ते स्वतः विषारी नाही, आणि विष असलेल्या पाण्याला तो वास असेलच असेही नाही. तेव्हा नाकावर विसंबण्याऐवजी, बरगे घातल्यापासून ते काढेपर्यंतच्या महिन्यांत उपशाच्या ठिकाणच्या कच्च्या पाण्यातील सायनोबॅक्टेरियाच्या पेशींची मोजणी आणि शुद्ध केलेल्या पाण्यातील मायक्रोसिस्टिनचे प्रमाण, हे दोन आकडे ग्रामपंचायतीकडे किंवा पाणीपुरवठा विभागाकडे लेखी मागावेत. पुराच्या वाहत्या पाण्यातला एखादा नमुना दाखवला गेला, तर तो या प्रश्नाचे उत्तर नव्हे.